सत्तावीस नंबरची सुई

“म्हणजे कायदा कंपनीच्या बाजूने आहे,” असं म्हणून सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण घातलं.

बाहेरच्या व्हरांड्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या एकोणचाळीस बायकांनी ते ऐकलं. दार उघडंच होतं. ते लावायला कुणी जागाच ठेवली नव्हती.

चाळिसावी टेबलासमोर उभी होती. तान्ह्या बाळांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात तिने एकोणीस वर्षं बटणं लावली होती. सगळ्या तिला बटणमावशी म्हणत.

“स्वखुशीने सोडून गेलेल्यांना परत घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही,” कंपनीचे व्यवस्थापक म्हणाले. “हा राजीनामा. एकच कागद, चाळीस सह्या. नवी भरती आम्ही नव्या माणसांतून करतोय.”

“स्वखुशीने!” दारातून मावशीची नणंद कडाडली. “फाटकाबाहेर काढून ‘सह्या करा, आठ दिवसांत बोलावतो’ असं हाच बोलला होता! एक वर्ष झालं, याचे आठ दिवस काही भरेनात!”

“बाहेर शांत राहा,” अधिकारी साहेब म्हणाले.

“शांतच आहोत, साहेब. तोंड अजून उघडलंय कुठे?”

मावशी हळू आवाजात म्हणाली, “साहेब, त्या कागदाची शेवटची ओळ वाचाल का?”

साहेबांनी वाचली. “‘आम्ही आपापली सुई जमा करून स्वखुशीने काम सोडत आहोत.’ सुई? सुईचं काय मध्येच?”

“बाळाचा कपडा असतो, साहेब. चुकून सुई आत राहिली तर…” तिने अंगठ्याने बोटाचं टोक चाचपलं. “म्हणून सकाळी प्रत्येकीला नंबराची पत्र्याची नळी देतात, आत एक सुई. संध्याकाळी नळीसकट परत. मोडली तर दोन्ही तुकडे. एक जरी सुई हरवली, तर ती सापडेपर्यंत माल फाटकाबाहेर जात नाही. चाळीसजणींनी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपलेली आहे.”

तिने पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून नळी. नळीवर कंपनीचा शिक्का होता आणि त्याखाली आकडा, सत्तावीस. झाकण काढून तिने सुई टेबलावर ठेवली. सुई लख्ख होती.



“दुपारी बाहेर बोलावलं तेव्हा बाकीच्यांनी नळ्या टेबलावर ठेवल्या. माझं बटण अर्धं लागलेलं होतं, सुई आणि नळी माझ्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी द्यायला गेले, पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी पुसते, तेलाचं बोट लावते, मोजते.”

“एकच तर आहे,” साहेब म्हणाले.

“एकच आहे. पण मोजायची ती मोजायची. नेम आहे तो.”

“वहिनी!” नणंद ओरडली. “एका घरात राहतो आपण! मला पत्ता नाही लागू दिलास!”

“तुला सांगितलं असतं तर गावाला दवंडी पिटायची गरज उरली नसती.”

व्हरांडा खदखदून हसला. साहेबांनाही हसू आलं, ते त्यांनी खोकून झाकलं.

व्यवस्थापक पुढे सरसावले. “म्हणजे कंपनीची वस्तू घरी नेली! हा तर गुन्हा—”

“मग हरवल्याची नोंद असेल,” मावशी म्हणाली. “सुयांची वही बघा, साहेब. हरवली असं लिहिलं असतं, तर त्या दिवशीपासून माल हललाच नसता. आणि गाड्या तर रोज भरून जातात. मी त्याच रस्त्याने येते-जाते.”

साहेबांच्या नोटिशीप्रमाणे कंपनीने सगळ्या वह्या आणलेल्या होत्याच. व्यवस्थापकांचा हात सुयांच्या वहीवर गेला, पण साहेबांचा आधी पोहोचला.

साहेबांनी पान उलटलं. मग दुसरं. मग पंधरा-वीस पानं एकदम. मग शेवटचं, कालचं.

“सत्तावीस नंबर,” ते सावकाश वाचू लागले. “‘सुई वापरात. बाई कामावर.’ दुसऱ्या दिवशी, ‘बाई कामावर.’ पुढचा महिना, ‘बाई कामावर.’ काल, ‘बाई कामावर.’ खाली सही तुमची.”

व्हरांड्यात कुणीतरी हुंदका दिला, की हसू दाबलं, ते कळलं नाही. बायका उंबऱ्याच्या आत सरकल्या. शिपाई त्यांना मागे लोटता लोटता स्वतःच मान उंचावून पाहू लागला.

“राजीनामा म्हणतो, सुई जमा केली. वही म्हणते, बाई वर्षभर कामावर आहेत.” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “मला एवढंच सांगा, खोटं काय आहे?”

व्यवस्थापकांनी राजीनाम्याकडे पाहिलं. वहीकडे पाहिलं. वही खोटी म्हटली, तर एका सुईचा पत्ता नसताना वर्षभराचा माल दुकानोदुकानी गेला होता. राजीनामा खोटा म्हटला, तर कागद एकच होता आणि सह्या चाळीस.

त्यांनी कपाळ पुसलं. 

“राजीनामा…” ते म्हणाले. “राजीनामा लिहून घेताना काहीतरी चूक झाली असावी.”

“काहीतरी?”

“चूक झाली.”

साहेब लिहू लागले आणि दारात एकच गलका उठला. नणंदेने शेजारणीच्या पाठीत असा धपाटा घातला की ती बिचारी थेट टेबलापर्यंत आली. कुणी रडत होती, कुणी घरी फोन लावत होती. “अगं हो, उद्यापासून! सगळ्याजणी!”

त्या गोंधळात व्यवस्थापकांनी हात पुढे केला. “द्या ती सुई इकडे.”

मावशीने सुई उचलली, पदराने पुसली, नळीत घातली आणि झाकण लावलं.

“देईन की,” ती म्हणाली. “उद्या संध्याकाळी, कामाची पाळी संपली की.”