माग बंद

पावणेअकराला भाग्यलक्ष्मीच्या फोनवर निरोप आला आणि महादेवच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी तीनचा फोनवरचा शेवटचा इंटरव्ह्यू अकरालाच होणार होता. तीन वाजता पोरगी शहरात, मुलींच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात शांत बसून बोलणार होती. संस्थेच्या दिपाली मॅडमनीच तिला बी.कॉम. पुरं करायला लावलं होतं, बेंगळूरची ही नोकरीही त्यांनीच हुडकली होती. आता पंधरा मिनिटांत वडगावातून तिथं कसं पोचणार?

आणि घरी तर दिवसभर खडखडणारे दोन यंत्रमाग. भिंतीपलीकडे बायाक्काचे चार, समोर नागोजीचे सहा. या गल्लीत नवराबायकोचं भांडणही हातवारे करूनच चालायचं.

महादेवनं आपले माग बंद केले आणि अनवाणीच दारोदार हात जोडत सुटला. असं मागणं या गल्लीत कुणी केलं नव्हतं. इथले सगळे माग एकदम थांबत ते कुणी वारल्यावरच.

बायाक्का घाबरीघुबरी बाहेर आली. "कोन गेलं रं?"

"कोन बी न्हाय, आक्का. भाग्याचा इंटरव्ह्यू हाय. अर्धा तास तेवढं माग बंद ठिव."

"आरं मग तोंड का असं पाडलंयस!" म्हणत तिनं आत जाऊन बटण दाबलं.

अकराला गल्ली चिडीचूप झाली. महादेव खिडकीखाली उकिडवा बसला. फोन आला आणि भाग्यलक्ष्मीनं जन्माच्या सवयीनं खच्चून ओरडत आपलं नाव सांगितलं. पलीकडची बाई हसली. इतक्या मोठ्यानं नको, नीट ऐकू येतंय, म्हणाली.

पोरीनं आवाज खाली आणला.

महादेवला आधी वाटलं, आत दुसरंच कुणी बोलतंय. थोडा घोगरा, मऊ, प्रत्येक शब्दाशी क्षणभर थांबणारा आवाज. इंग्रजी त्याला कळत नव्हतं, त्यामुळं नुसता आवाजच ऐकत राहिला. एकवीस वर्षं एका घरात राहून लेकीचा हा आवाज त्यानं ऐकलाच नव्हता. तिला नोकरी लागावी म्हणून तो देवाला विनवत होता आणि बोलणं एवढ्यात संपू नये म्हणूनही.

भाग्यलक्ष्मी बाहेर आली. डोळे भरलेले. "आप्पा, घेतलं मला. एक तारखेला जायाचं."

त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फार आनंद झाला होता आणि एक तारखेला किती दिवस उरले, तेही तो मनात मोजत होता.

समोरून नागोजीनं हातानंच विचारलं, करू का सुरू?

"थांब रं!" महादेव ओरडला. "संपला न्हाय अजून इंटरव्ह्यू!"

मग त्यानं लेकीला पायरीवर शेजारी बसवलं.

"बोल गं," तो म्हणाला. "काय बी बोल. हळूच बोल."