जप्तीचा माल

लालबुंद तापलेला तवा.

उजव्या गालाच्या आत, तुरीच्या डाळीएवढा पांढरा चट्टा.

विहारात नशापाण्याविरुद्धचं पाचवं शील म्हणताना सगळ्यांच्या वर चढणारा एक आवाज.

आधी दात, मंग चहा.

भिंतीपलीकडून उषाबाईच्या शिंका.

चट्टा दीपमालाच्या गालात होता. आवाज तिच्या आईचा, मालनबाईचा. आणि जालन्याच्या दवाखान्यात बाकाच्या पार टोकाला बसवलेला माणूस तिचा बाप, कडूबा.

"अजून सरका," मालनबाई म्हणाली. "तुमचा वाससुद्धा नको तिला."

कडूबा सरकला. सळईच्या कारखान्यात भट्टीपुढं उभं राहणारा गडी, पण बायकोपुढं उभं राहणं त्याला कधी जमलं नाही.

"दीपे, जेवलीस का सकाळी?" त्यानं हळूच विचारलं.

"वरणपण झोंबून राह्यलंय, बाबा."

"झोंबंलच," मालनबाई म्हणाली. "बाप तंबाखू खाणार, अन् लेकीच्या तोंडात उगवणार."

त्यांच्या गावात, केदारखेड्यात, जयंतीला दीपमालाच्या गाण्याशिवाय मिरवणूक हलत नसे. यंदा तालमीत तिनं वरचा सूर लावला आणि गाल धरून खाली बसली. तोंड पुरतं उघडेना. त्या दिवसापासून मालनबाई नुसती पेटली होती.

तसं तिचं युद्ध जुनंच. पुडी नवऱ्याच्या खिशात सापडो, टोपीत सापडो, नाही तर सायकलच्या सीटखाली. जागच्या जागी जप्त व्हायची आणि तव्यावर जायची. काळी ठिक्कर पडल्याशिवाय तवा उतरायचा नाही. धुरानं शेजारच्या उषाबाई शिंकून बेजार.

"पोलिसानं धरलेला माल तरी कधी सुटतो," कडूबा गावात सांगायचा. "आमच्या मालननं धरलेला बिलकुल न्हाई."

आत बोलावलं. डॉक्टर पोरसवदा होता, दाराशी गर्दी होती, हातातली टॉर्च मरतुकडी होती.

"तंबाखू खाते का ही?"

"माझी लेक?" मालनबाईचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला. "खाणारा हा उभा आहे. ह्याचं तोंड बघा आधी."

डॉक्टरनं कडूबाचं तोंड बघितलं. "यांना काही नाही."

याचा तिला जास्तच राग आला. "म्हंजे खायचं ह्यानं अन् भोगायचं तिनं?"

"मावशी, हा रोग एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जात नाही. त्या जागेला रोज काहीतरी लागतंय. ते बंद केलं तर चट्टा मागं फिरू शकतो. नाही केलं तर कॅन्सर व्हायची भीती आहे. तुकडा तपासायला पाठवू." तो दीपमालाकडं वळला. "गुटखा, सुपारी, काही खाता?"

"न्हाई, साहेब. कधीच न्हाई." ती खरं बोलत होती.

"दात साफ ठेवत जा."

"दोन टायम घासती," मालनबाई ताठ मानेनं म्हणाली. "चौथीपासून. घासल्याबिगर मी चहाला हात लावू देत न्हाई."

"चांगली सवय आहे," डॉक्टर म्हणाला, आणि पुढच्या पेशंटला हाक गेली.

एसटीतून उतरून मालनबाईनं घरात पाऊल टाकलं आणि सुटली. रंगीत पोंगे उकिरड्यावर. पाकिटातला मसाला उकिरड्यावर. दीपमालाची लिपस्टिक उकिरड्यावर.

"आई, ती तर मी परवाच आणल्ती."

"गप. ज्यानं झालं ते मुळासकट उपटणार मी. कुणाला सोडणार न्हाई."

कडूबा उंबऱ्यात बसून हे सगळं बघत होता. मग उठला. टोपीच्या घडीत हात घातला, पुडी काढली आणि स्वतःच्या हातानं चुलीजवळ ठेवली.

"ही शेवटची. लेकीची आण."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माल जप्त करावा लागला नव्हता. मालनबाईनं त्याच्याकडं बघितलं. काहीतरी खरमरीत बोलायला तोंड उघडलं, आणि पदर डोळ्यांना लावला.

"आधीच सोडली असती तर," ती एवढंच म्हणाली.

तिनं तवा तापवला आणि अख्खी पुडी त्यावर रिकामी केली. धूर आढ्याला लागला. भिंतीपलीकडं उषाबाई शिंकल्या. मालनबाई उलथनं घेऊन तंबाखू खालीवर करत राहिली, शत्रूचं प्रेत जाळावं तशी, एक पान कच्चं राहू न देता.

"आई, चहा ठेव ना," दीपमाला गाल धरून म्हणाली.

"सांजचे घासलेस? आधी दात."

दीपमाला उठली आणि कोनाड्यातला पत्र्याचा डबा घेऊन मोरीत गेली.

चौथीत असताना तिची दाढ किडली होती, तेव्हा मालनबाईनं तव्यावरची तंबाखू बारीक कुटून, फडक्यातून गाळून, त्या मिश्रीची पहिली चिमूट तिच्या बोटावर ठेवली होती.