दोन मिनिटांत भरणारी बॅटरी

अपघातात शरदिनीचे पाय गेले, तेव्हा तिच्या नवऱ्याने, वेणीमाधवने, तिला बॅटरीवर चालणारी खुर्ची आणली. तो विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. अर्ध्या गल्लीत बॅटरी संपून ती अडकू नये, म्हणून त्याने चार्जरला स्वतःच एक जोडणी केली. बॅटरी भरली की त्याच्या मोबाइलवर मेसेज यायचा, किती वीज भरली तेही कळायचं.

संध्याकाळी शरदिनी सांगायची, आज नदीवरच्या राजा घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गेले, आज मैत्रिणीकडे, सुनीतीकडे, चहा घेतला. ऐकून त्याला बरं वाटायचं.

मेसेज मात्र रोज एकच यायचा, की बॅटरी दोन मिनिटांत भरली. आपलंच काही चुकलं असेल, म्हणून त्याने दोन रविवार चार्जर उघडून तपासला. चूक सापडली नाही.

शेवटी त्याने विचारलं, "शरू, तू खुर्ची बाहेर नेतेस ना?"



"दार उघडते. येणारेजाणारे थांबून बघतात, बिचारी म्हणतात. मग लावून घेते."

"आणि मला रोज सांगतेस ते?"

"ते अपघाताच्या आधीचं," ती म्हणाली. "आता तेही संपत आलंय."