सरावाची गाय

"पुढे कोण? वाघचौरे, ये," निमकर मॅडम म्हणाल्या. पशुवैद्यक कॉलेजात गाभण तपासणीच्या सरावाला, जनावर अडकवायच्या खोड्यात नेहमीसारखी चंद्री गायच होती. ती लाथ मारत नसे, म्हणून नवख्यांचे हात तिच्यावरच बसवायचे. मॅडमचा तिच्यावर जीव होता.

चंद्रीच्या गुदद्वारातून नुकताच हात बाहेर काढलेल्या शर्वरीच्या हातमोज्यावर रक्त होतं. "मॅडम, आज सोडू या ना हिला. जनावराला वेदना नकोत, हे कालच शिकवलंत तुम्ही."

"दुखलं असतं तर हलली नसती का गं?"

शर्वरीने न विचारताच खोड्याचा पुढचा दांडा काढला. समोर मोकळं पटांगण होतं. चंद्री जागची हलली नाही. तिने मान वळवून मॅडमकडे पाहिलं, मागचे पाय फाकवले आणि आपणहून शेपटी बाजूला घेतली.

मॅडमना तिच्याकडे बघवेना.

"मॅडम, मग मी कुणावर शिकू?" वाघचौरेने हळूच विचारलं.



"दुसरी आण," त्या म्हणाल्या.