रविवारचा फोन

“बाबा कुठायत?” लेकीने जहाजावरून विचारलं.

“झोपलेत,” आई म्हणाली. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. हॉस्पिटलमधून ते परत आलेच नव्हते.

लेक समुद्रशास्त्रज्ञ. परदेशातल्या संस्थेत दोन वर्षांची नोकरी लागलेली, आणि ही तिची पहिलीच सागरी मोहीम. सहा आठवडे जहाज कुठल्याच किनाऱ्याला लागणार नव्हतं. बातमी कळली असती तरी पोरगी येणार कशी? पाण्याच्या मधोमध एकटीच रडत बसली असती. आईने सगळ्या नातेवाइकांना बजावलं, “तिला कुणी कळवलंत, तर माझ्याशी गाठ आहे.”

दर रविवारी फोन यायचा. लेक भरभरून बोलायची. समुद्राच्या तळाचा गाळ वर काढायचा, चाळायचा, त्यातले कणीएवढे जीव सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. “मान मोडून येते गं. आणि केबिन म्हणजे आपला माळा!” मग हमखास विचारायची, “बाबा काय म्हणतात?”

झोपेचं निमित्त किती दिवस पुरणार? आई रचून सांगू लागली. कधी ते फिरायला गेलेले, कधी त्यांचा घसा बसलेला. पण लेकीचं तेवढ्यावर भागायचं नाही. “पेपर वाचून आज कुणावर चिडले? भाजी कुठली आणली? खालच्या काकांशी पुन्हा वाजलं का?”

मग आईला सोमवारपासूनच तयारी करावी लागे. नुसतं पडून राहावंसं वाटे, तरी ती उठायची. पेपर वाचायची, बाजारात जाऊन यायची, खालच्या काकांशी चार शब्द बोलायची. रविवारी ते सगळं नवऱ्याच्या नावावर खपवायची. फोन ठेवला की उशीत तोंड खुपसून रडायची.

सातव्या आठवड्यात लेक दारात उभी राहिली. उन्हाने रापलेली, गालफडं बसलेली. आईने हाताला धरून तिला बसवलं.

“तुझे बाबा...”

“माहीत आहे, आई.” लेकीचे डोळे वाहत होते. “हॉस्पिटलमधून त्यांनीच मला जहाजावर फोन केला होता. म्हणाले, ‘आता माझं काही खरं नाही. आई तुझ्यापासून लपवेल. लपवू दे. तू फक्त दर रविवारी माझी बारीकसारीक चौकशी करत जा. तेवढ्यासाठी तरी ती अंथरुणातून उठेल.’”