म्हातारीची अंडी

"सगळी अंडी तरंगली, एकही वाया नाही," टाकीच्या काठावरून अजीज म्हणाला.

साहेबांनी काचेच्या भांड्यात डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अजीजभाई, या वर्षी घरी जा. रजा सँक्शन. यल्ला, नीघ."

आखातातल्या रास अल खैमाच्या किनाऱ्यावरच्या त्या हॅचरीत अजीज अकरा वर्षं सुबेती माशांची पैदास करत होता. धनंजय साहेब पुण्याहून डॉक्टरेट घेऊन आलेले, पण माशांचं खरं शास्त्र त्यांना शिकवलं ते रत्नागिरीच्या या सातवी पास माणसानं. लहान, कोवळ्या माद्यांची अंडी बारीक. पिल्लं तिसऱ्या दिवशी मरून तळाला. टाकीतली सगळ्यात थोराड मादी, जिला सगळे म्हातारी म्हणत, तिची अंडी टपोरी आणि पिल्लं चिवट. हे त्यानं दाखवून दिलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. म्हातारी त्याच्याशिवाय कुणाच्या हाताला लागत नसे. हिवाळ्यात तिचा हंगाम, उन्हाळ्यात पिल्लांची निगा. पाच वर्षांत तो घरी एकदाच गेला, बापाच्या मयताला, तेही आठ दिवस.

त्याच्या बायकोला, हव्वाबीला, मूल नव्हतं. चाळिशी जवळ आली तशी तिची पत्रं घाबरी होऊ लागली. अजीज मोठ्या मायेनं उत्तर लिही. घाई कशाला करतेस? वयानं काही बिघडत नाही, उलट बरंच होतं. इथली म्हातारी बघ, तरण्याताठ्या माद्यांना मागे टाकते. नुसतं समजूत काढायला लिहीत नव्हता बिचारा. रोज डोळ्यांनी बघत होता, त्याचा खराच विश्वास बसला होता.

संध्याकाळी त्यानं बूथवरून फोन लावला. "पुढच्या जुम्म्याला येतोय. चांगला महिनाभर. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ दोघं."



"मी जाऊन आले परवा," पलीकडून हव्वाबी म्हणाली. "त्या म्हणाल्या, आता अंडी तयार होणं बंद झालं. तीन वर्षांपूर्वी आला असता तर इलाज होता."

"मग तेव्हा का नाही गेलीस?"

"निघाले होते. शेजारच्या सायराबरोबर जायचं, एसटीचं तिकीटही काढलं होतं. त्याच दिवशी तुमचं पत्र आलं, त्या म्हातारीचं. वाचून इतकं बरं वाटलं, की तिकीट परत केलं."