बागेतलं खळं

डोळे गेल्यापासून आबा मुलीच्या बंगल्यात खाटेवर बसून असत. अंगणात उतरले की दिशा हरवायची आणि कुणीतरी हात धरायला धावायचं. तेच त्यांना नको होतं.

मुलगी घरांचे, बागांचे नकाशे करायची. एका सकाळी तिने त्यांना मागच्या बागेत नेऊन दोराचं टोक हाती दिलं. "मळणीच्या खळ्यावरून सुचलं, आबा. मधल्या खांबावर दोराचं कडं फिरतं, भोवती रुंद गोल वाट केलीय. दोर ताणून चाला, एकटे फिराल."

"म्हणजे मला बैल केलंस होय गं?" आबांनी दोर टाकला.

 तिने नाक ओढल्याचा आवाज आला, तसे आबा वाकले आणि चाचपडत दोर उचलून चालू लागले. एक फेरा झाला, दुसरा झाला. कुणी हात धरला नाही. पावलं लांब पडू लागली.

"अगं, मळणीला एकटा बैल कोण जुंपतं? ये, टोक तू धर. म्हातारा आत, खांबाजवळ. त्याला फेरा लहान पडतो. तरण्याने बाहेरून."

ती बाहेरच्या अंगाला आली. आबांनी जिभेने टक् टक् केलं, आणि ती हसत झपझप चालू लागली.